निशाण पडले, की उतरवले?

प्रश्न असा आला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळातल्या एका सागरी झुंजीचा मजकूर मराठीत आणताना भाषांतरकाराने ‘शत्रूच्या फ्रिगेटने बावटा उतरवला’ असे लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘पांढरे निशाण फडकावले’ असे केले, कारण ‘बावटा उतरवला’ एवढ्यावरून जहाज शरण गेले हे मराठी वाचकाला कळणार नाही असे त्यांना वाटले. कोणाचे बरोबर? बावटा, निशाण, झेंडा, ध्वज यांतला कोणता शब्द घ्यावा? आणि पुढे ‘निशाण डोलकाठीला खिळ्यांनी ठोकले’ असे येते, त्याचे काय करावे?

भाषांतरकाराचे बरोबर आहे. संपादकांची काळजी रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला बदल केला तर लढाईची हकीकतच बदलते. त्या काळी समुद्रावर शरणागतीचे वेगळे असे निशाण नव्हते. आपल्या राजाचे किंवा देशाचे जे निशाण वर असेल ते आपल्या हाताने खाली घ्यायचे, हीच शरणागती. तसे केले की समोरच्याने तोफा थांबवायच्या, आणि निशाण खाली घेतलेल्या जहाजाने पुन्हा तोफ डागली तर तो दगा. पांढरे निशाण तेव्हाही होते, पण ते बोलणी करायला येणाऱ्याचे, कैद्यांची अदलाबदल करणाऱ्या गलबताचे. आपल्या मराठीतही पांढऱ्या निशाणाचा पहिला अर्थ तोच: मारू नका, बोलायचे आहे.

शिवाय एक मोठीच अडचण आहे. क्रांतीपूर्वी फ्रेंच राजाच्या आरमाराचे निशाणच कोरे पांढरे होते. १७ जून १७७८ रोजी इंग्रजांची ‘अरेथ्यूझा’ आणि फ्रेंचांची ‘बेल पूल’ या दोन फ्रिगेटी इंग्लिश खाडीत एकमेकींशी भिडल्या, तेव्हा ‘बेल पूल’वर पांढरे निशाण फडकत होते आणि ती शरण बिरण काही गेली नव्हती. त्या लढाईच्या वर्णनात ‘पांढरे निशाण फडकावले’ असे वाक्य आले तर वाचकाने काय समजायचे?

आता मुद्द्याची गोष्ट. इथे नामापेक्षा क्रियापद जास्त महत्त्वाचे आहे. निशाण पडते, निशाण तुटते, निशाण शत्रू ओढून काढतो आणि निशाण उतरवतात. यातल्या फक्त शेवटच्या क्रियेला शरणागती म्हणतात. मराठीत हे भेद आयते आहेत, ते वापरायचे. ते किती कामाचे आहेत हे बघायला १८१२ सालच्या एका झुंजीसारखे दुसरे उदाहरण नाही.

२९ डिसेंबर १८१२. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, साल्वादोर बंदराच्या बाजूला, अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि इंग्रजांची ‘जावा’ या दोन फ्रिगेटींची गाठ पडली. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, मुख्य तोफा एकाच मजल्यावर असलेले, चपळ लढाऊ जहाज. ‘कॉन्स्टिट्यूशन’ ४४ तोफांच्या वर्गातली, ‘जावा’ ३८च्या. अमेरिकन जहाजावर कमोडोर विल्यम बेनब्रिज, इंग्रजांच्या जहाजावर कॅप्टन हेन्री लँबर्ट. ‘जावा’ मुळात फ्रेंच, १८११ साली मादागास्करजवळ इंग्रजांनी पकडलेली. ती निघाली होती हिंदुस्थानाकडे, आणि तिच्यावर मुंबईचे बरेच काही होते: मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे, ‘त्रिंकोमाली’ या नव्या फ्रिगेटीचे नकाशे, आणि मुंबईला मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हायला निघालेला लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप. हाच हिस्लॉप पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रज फौजेचा सेनापती म्हणून आपल्याला भेटतो. त्याच्या पाच वर्षे आधी तो ब्राझीलजवळ अमेरिकनांचा कैदी होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

या लढाईची बेनब्रिजने नोंदवही लिहिली आहे, आणि त्यात निशाणांकडे त्याचे बारीक लक्ष आहे. दुपारी दोनच्या सुमारास ‘जावा’ अर्ध्या मैलावर आली, तेव्हा तिने मागच्या डोलकाठीच्या टोकावरचा युनियन जॅक तेवढा ठेवून बाकीची निशाणे खाली घेतलेली होती. म्हणजे निशाण खाली आहे, पण याला कोणी शरणागती म्हणणार नाही, कारण लढाई अजून सुरूच झालेली नाही. (खोटे निशाण लावून जवळ जाण्याची तेव्हा सर्रास मुभा होती, तोफ डागण्याआधी मात्र आपले खरे निशाण चढवलेच पाहिजे, असा दंडक होता.) बेनब्रिजने तिच्या पुढ्यात एक गोळा टाकायला सांगितला, उद्देश हा की तिने निशाण दाखवावे. त्या एका तोफेपाठोपाठ त्याच्या जहाजाच्या त्या बाजूच्या सगळ्या तोफांची सरबत्ती सुटली. ‘जावा’ने निशाण चढवले आणि लगेच उलट सरबत्ती केली.

पुढचे दोन तास दोन्ही जहाजे एकमेकांच्या नाळेसमोरून (नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक) किंवा पिछाडीमागून आडवे जायला धडपडत होती. त्याचे कारण साधे आहे. जहाजाच्या सगळ्या तोफा दोन्ही कुशींना. पुढे आणि मागे जवळजवळ काही नाही. समोरच्याच्या नाळेपुढून आडवे गेले की आपल्या एका बाजूच्या सगळ्या तोफा त्याच्यावर चालतात, त्याची एकही धड चालत नाही, आणि आपला गोळा त्याच्या डेकवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे कापत जातो. ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचे चाक सुरुवातीलाच गोळ्याने उडाले. मग खालच्या मजल्यावर माणसे दोर ओढून सुकाणू फिरवू लागली आणि वरून हुकूम ओरडून पोचवावे लागले. बेनब्रिज दोनदा जखमी झाला. तरीही तोफांच्या बाबतीत अमेरिकन वरचढ ठरले. ‘जावा’चा नाळेवरचा पुढे आलेला वासा गेला, पुढची डोलकाठी गेली, मधल्या डोलकाठीचा वरचा भाग गेला. लँबर्टने जहाज भिडवून माणसे वर चढवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या डोलकाठ्यांवर बसलेल्या बंदूकवाल्यांपैकी कोणाची तरी गोळी त्याला लागली. पुढे साल्वादोरला त्यातच तो गेला. कमान स्वतः जखमी असलेल्या लेफ्टनंट हेन्री चॅड्सकडे आली. चारच्या आत मागची डोलकाठीही कोसळली.

चार वाजून पाच मिनिटांची बेनब्रिजची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘जावा’च्या तोफा गप्प झाल्या होत्या आणि मधल्या डोलकाठीच्या दोरखंडांत लावलेले निशाण दिसत नव्हते. त्याने समजूत करून घेतली की शत्रूने निशाण उतरवले. आपले तुटके दोरखंड सांधायला तो पुढे निघून गेला. थोड्या वेळाने पाहतो तर ‘जावा’चे निशाण अजून वर आहे!

मराठीत हे सांगायला ‘निशाण पडले होते, उतरवले नव्हते’ एवढे एक वाक्य पुरते. आता इथे पांढरे निशाण घालून बघा. बेनब्रिजचा गैरसमज झालाच कसा, हेच वाचकाला कळणार नाही. त्याला काही दिसले म्हणून त्याची फसगत झाली नव्हती, काही दिसेनासे झाले म्हणून झाली होती. तोफेच्या गोळ्याने दोरी तुटली, काठी मोडली, तर निशाण आपोआप खाली येते आणि समोरचा त्याचा भलताच अर्थ लावतो, म्हणून तर लढाईत दोन-तीन ठिकाणी निशाणे लावत.

यानंतर ‘जावा’ची उरलेली मधली डोलकाठीही गेली. चॅड्स आणि त्याची माणसे तशा ओंडक्यावर काहीतरी शीड उभारायची खटपट करत होती. साडेपाचच्या जरा आधी ‘कॉन्स्टिट्यूशन’ डागडुजी करून परतली आणि ‘जावा’च्या नाळेपुढे अगदी जवळ आडवी आली. ती सरबत्ती करणार, एवढ्यात चॅड्सने निशाण उतरवले. हे खरे उतरवणे. तिथे त्याचा हुकूम आहे, त्याची जबाबदारी आहे, आणि मागाहून तिचा जाब आहे: एप्रिल १८१३ मध्ये इंग्लंडात कोर्ट मार्शल होऊन चॅड्स आणि त्याचे साथीदार सन्मानाने सुटले. ‘जावा’ घरी नेण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून बेनब्रिजने ती जाळली. मुंबईला दुसरे नकाशे पाठवावे लागले. वाडियांच्या गोदीत सागवानाची ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही हार्टलपूलला तरंगते आहे.

क्रियापदाची गंमत इतर झुंजींतही दिसते. याच ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्याआधी १९ ऑगस्ट १८१२ रोजी इंग्रजांच्या ‘गेरिएर’ला हरवले, तेव्हा तिन्ही डोलकाठ्या गेलेल्या त्या जहाजावर निशाण आहे की नाही हे अंधारात दिसेना. ‘कॉन्स्टिट्यूशन’चा तेव्हाचा कॅप्टन हल याने शेवटी एका लेफ्टनंटला होडीतून विचारायला पाठवले की बाबांनो, तुम्ही शरण आलात का. पांढऱ्या निशाणाचे काम असते ते इथे, या विचारणाऱ्याच्या होडीवर. इंग्रज कॅप्टन डॅक्रिसचे उत्तर असे सांगतात की ही काठी गेली, ती काठी गेली, एकंदरीत आम्ही निशाण उतरवले असे म्हणायला हरकत नाही.

याच्या अगदी उलट १ जून १८१३ला बॉस्टनजवळ घडले. इंग्रजांच्या ‘शॅनन’ने अमेरिकेच्या ‘चेसापीक’ला पाव तासात गारद केले, पण ‘चेसापीक’ने निशाण उतरवलेच नाही. वर चढून आलेल्या इंग्रजांनी ते ओढून काढले. त्यात ‘शॅनन’च्या लेफ्टनंट वॉटच्या हातून दोरीचा घोटाळा झाला आणि अमेरिकेचे निशाण इंग्रजांच्या निशाणाच्या वर चढले. पाडाव केलेल्या जहाजावर जिंकणाऱ्याचे वर आणि हरणाऱ्याचे खाली, ही रीत. ‘शॅनन’च्या तोफखान्याला वाटले अमेरिकनांनी जहाज परत घेतले. त्यांनी तोफ डागली आणि वॉट आपल्याच जहाजाच्या गोळ्याने मेला. या प्रसंगी ‘चेसापीकने निशाण उतरवले’ असे लिहिणे म्हणजे मेलेल्या खलाशांवर अन्यायच.

आता नामाकडे येऊ. ‘ध्वज’ मी घेणार नाही. तो राष्ट्रध्वजाचा, कवायतीचा शब्द झाला आहे. ‘सूर्यास्ताला ध्वज उतरवला’ हे रोजचे वाक्य आहे, त्यात हार-जीत नाही. ‘झेंडा’ चालेल, पण जरा मिरवणुकीचा वाटतो. ‘बावटा’ कोकणात रोज कानावर पडतो. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे होड्या बाहेर काढायच्या नाहीत, गार्डाने हिरवा बावटा दाखवला म्हणजे गाडी सुटणार. बावटा काहीतरी सांगतो, निशाण कोणाचे ते दाखवते. जहाजावर दोन्ही असतात. ‘जावा’ आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ एकमेकींना ओळखायला सकाळी जे गुप्त इशारे देत होत्या ते बावटे, आणि चॅड्सने उतरवले ते निशाण. म्हणून तुमच्या मजकुरात इशाऱ्यांसाठी ‘बावटे’ आणि शरणागतीसाठी ‘निशाण’ अशी वाटणी करा. मजकुरात इशारे येतच नसतील तर ‘बावटा उतरवला’ही चुकीचे नाही.

संपादकांना ते वाक्य अपुरे का वाटले, याचाही अंदाज करता येतो. मराठीतली लढाई बहुतेक जमिनीवरची, गडकोटांची. तिथे आपण जिंकणाऱ्याच्या बाजूने बोलतो: गडावर निशाण चढले. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी इंग्रजांचे निशाण लावले, असेच आपण सांगतो. पेशव्यांचे उतरले, हे वाचकाने समजून घ्यायचे. समुद्रावरच्या हकिकतीत नेमके उलट, हरणाऱ्याची कृती सांगतात. म्हणून पहिल्या वेळी एक आधार द्यावा: ‘निशाण उतरवून जहाज शरण आले’. एकदा हे झाले की पुढे नुसते ‘निशाण उतरवले’ पुरेल.

खिळ्यांचे वाक्य जसेच्या तसे ठेवा. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी इंग्रज आणि डच यांच्या कॅम्परडाउनच्या लढाईत इंग्रजांचे निशाण गोळ्याने पडले, तेव्हा जॅक क्रॉफर्ड नावाचा खलाशी मोडक्या डोलकाठीवर चढला आणि त्याने ते खरोखर खिळ्यांनी ठोकले. खिळे मारलेले निशाण दोरीने उतरवता येत नाही, म्हणजे शरणागतीची वाटच बंद. २३ सप्टेंबर १७७९च्या रात्री इंग्रजांच्या ‘सेरापिस’च्या कॅप्टन पिअर्सननेही तेच केले होते, असे सांगतात. अमेरिकन कॅप्टन जॉन पॉल जोन्सपुढे हार मानायची वेळ आली तेव्हा त्याला स्वतः जाऊन ते फाडून काढावे लागले. इथे ‘कंबर कसली’, ‘प्राणपणाने लढायचे ठरवले’ असले काही घालू नका. आणि तुमच्या मजकुरातला कॅप्टन पुढे शरण जात असेल, तर तिथे ‘उतरवले’ हे क्रियापद चालणार नाही. ‘निशाण उपटून काढले’ असे लिहावे लागेल.