एका पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरोधी कायदा) प्रकरणात अनेक मुलं आणि अनेक आरोपी असतील तर तपास कसा चालतो?

आधी मुलं, मग आरोपी. खबर मिळाल्यावर 24 तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. प्रत्येक मुलाचा वेगळा. एकत्र बसवून विचारलं की 'पढवलेले जबाब' म्हणायला बचाव पक्ष मोकळा.

खरा घोळ मोबाइल आणि इंटरनेटच्या पुराव्यात होतो. अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या संस्थेकडून केंद्र सरकारमार्फत ऑनलाइन बालशोषणाच्या सूचना येतात; त्यांतली वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले तर त्या चुकीच्या वेळी आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दुसऱ्याकडे असू शकतो आणि पोलीस भलत्याच दारात उभे. शिवाय मोबाइल नेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना दिलेला असतो, म्हणून मोबाइल कंपनीला पत्र लिहिताना पोर्ट क्रमांक (त्याच पत्त्यावरच्या ग्राहकांना वेगळं ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ हवीच. जप्त फोन ठाण्यात कुतूहलाने चाळू नये (चाळतात!). पंचनाम्यात सीलबंद करून थेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा), जोडलं नाही तर चॅटच्या छापील प्रती कोर्टात टिकणं कठीण.

मुलांमधला दुवा अनेकदा एखादा समान नंबर, रिक्षा किंवा लॉजच्या नोंदवहीतलं नाव असतो.