ट्यूबा सोडूनही दगडी हटेना? आता पुढची ट्यूब आणू नका

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की गोठ्यातनं आणि खुराड्यातनं फोन सुरू होतात, यंदा चार प्रश्न असे आलेत की चारींत यीस्टचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बुरशीचा विषय आहे, म्हणून एकत्रच उत्तर देतोय.

करवीर तालुक्यातल्या एका दादांची म्हैस व्याली, दीड महिन्यात मागच्या उजव्या सडाला दगडी (कासदाह, कास सुजून टणक होणं) झाली, तीन दिवस सडात अँटीबायोटिकच्या ट्यूबा सोडल्या, मग दुसऱ्या कंपनीच्या सोडल्या, मग इंजेक्शनं झाली, तरी कास टणकच आणि दूध घटतच चाललंय. त्यांनी विचारलंय, आता कोणती ट्यूब आणू?

दादा, आता कोणतीच आणू नका. दगडी बहुतेक वेळा बॅक्टेरियानं होते आणि अँटीबायोटिक बॅक्टेरियावरच चालतं. पण कासेत कँडिडासारखं यीस्ट शिरलं असेल तर अँटीबायोटिक त्याचं काहीच वाकडं करत नाही, उलट त्याला आवर घालणारे बॅक्टेरिया मरतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. अशा जनावराला बऱ्याचदा चांगला ताप असतो पण ते वैरण मात्र खात असतं, म्हणून घरच्यांना वाटतं फार काही नाही, अजून एक ट्यूब सोडू.

यीस्ट आत जातं कसं, तर बऱ्याचदा आपल्याच हातानं. मी एका गोठ्यात डोळ्यानं बघितलंय, धार काढून झाली, ट्यूबची टोपी दातानं काढली, ट्यूब शेणाच्या कडेला ठेवली, सड ओल्या फडक्यानं पुसला, अर्धी ट्यूब एका सडात आणि उरलेली अर्धी तेच टोक दुसऱ्या सडात. औषध चांगलंच होतं हो, पण टोकाला लागून काय आत गेलं ते कुणी बघितलंच नाही. एक ट्यूब एका सडाला एकदाच, आणि त्याआधी सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं घासून पुसायचं, कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत.

आता करायचं काय, तर तुमच्या डॉक्टरांना सगळ्या ट्यूबांची नावं सांगा आणि दूध तपासणीला द्या. सड स्पिरिटनं पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घ्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. यीस्ट निघालं तर अँटीबायोटिक बंद करून ते सड दिवसातनं चार-पाच वेळा पूर्ण पिळून काढायचं, हाच मोठा उपाय आहे, बरीच जनावरं काही आठवड्यांत यातनंच सुधारतात. ते सड सगळ्यात शेवटी पिळा आणि दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारी आपली माणसं आहेत, त्यांच्या ग्लासात हे जाता कामा नये.

दुसरा प्रश्न राधानगरीकडच्या ताईंचा. गावरान कोंबडीची पिल्लं सुस्त, गळ्याखालची खाद्यपिशवी फुगलेली, उचललं की तोंडातनं आंबट वास. ताई, पिशवी दाबून बघा, गच्च कडक लागली तर गवत-दोऱ्याचा गोळा अडकलेला असू शकतो, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागली आणि आंबट वास असला तर कँडिडाचा संशय घ्या. एक मेलेलं पिल्लू दवाखान्यात फाडून बघायला द्या. पिशवीचं अस्तर गुलाबी-गुळगुळीत हवं, यात ते दह्याच्या साक्यासारखं पांढरं आणि जाड होतं, धुवून जुना झालेल्या खरबरीत टॉवेलासारखं. तुम्हीच सांगितलंय की दुकानातली अँटीबायोटिक पावडर पंधरा दिवस पाण्यातनं चालू होती, मला मूळ तिथंच दिसतंय. पावडर बंद करायची की कसं ते डॉक्टरांना आजच विचारा, पाण्याची भांडी रोज घासा, बुरसटलेला मका-कणी फेकून द्या. नायस्टॅटिन नावाचं औषध यावर चालतं, डोस डॉक्टरच ठरवतील. मोरचुदाचं (कॉपर सल्फेट, यात तांबं असतं) पाणी हा जुना उपाय आहे, 2 लिटरला 1 ग्रॅम असं पूर्वी देत, पण गुण येईलच असं नाही आणि जास्त पडलं तर विषबाधा होते, म्हणून अंदाजानं चिमूट टाकायचं नाही. शेजारी मेंढरं असतील तर त्यांच्या तोंडाला ते पाणी अजिबात लागू देऊ नका, मेंढीला तांबं सोसत नाही.

कुत्र्याच्या कानातनं वास येतो, तपकिरी मळ येतो, सारखं डोकं झाडतंय असं एकानं लिहिलंय. ते मॅलासेझिया नावाचं यीस्ट असू शकतं, दमट हवेत वाढतं. कानात रॉकेल नको, गरम तेल नको, पडदा फाटलेला असला तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. कान दाखवून मगच थेंब.

शेवटचा प्रश्न, डॉक्टरांनी म्हशीला यीस्टची पावडर दिलीय, मग त्यानंच यीस्ट होणार नाही का? नाही होणार. ती सॅकरोमायसिस, पाव फुगवतात त्या जातीतली, ती पोटातल्या पचनाला मदत करते. खुशाल द्या, फक्त पुडी कोरड्या जागी ठेवा.

जनावर अडलं तर 1962 या सरकारी पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा. करवीरचे दादा, बाटली न्यायच्या आधी मला एकदा सांगा, कुठं द्यायची ते बघून कळवतो.