निरोगी मेंदूचे दोन आकडे

प्रश्न : माझा पुतण्या पुण्यात शिकतो. तिथल्या एका संशोधनात निरोगी स्वयंसेवक म्हणून त्याच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचा एमआरआय पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा काढला. पहिल्यांदा सरासरी ५४ आली, दुसऱ्यांदा ४७, आणि दुसऱ्या चित्रात लाल रंगही कमी आहे. त्या दिवशी तो भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाऊन थेट तपासणीला गेला होता. मशीन चुकले की आजाराची सुरुवात आहे? (एक वाचक, यावल)

उत्तर : आधी रंगाचे पाहू. आपण पाठवलेल्या चित्रांच्या कडेला रंगपट्टी आहे. पहिल्या चित्रात ती ८० वर संपते, दुसऱ्यात १०० वर. त्यामुळे पहिल्यात जो प्रवाह लालभडक दिसतो, तोच दुसऱ्यात पिवळ्यावर येतो.

आता आकडा. दर १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जाते, ते तो सांगतो. निरोगी प्रौढात सरासरी ५० च्या आसपास असते. या तपासणीत इंजेक्शन नसते. मानेतून वर चाललेल्या रक्तातील पाण्यावर चुंबकीय खूण करून, दीड-दोन सेकंद थांबून चित्र घेतात आणि खूण नसलेल्या चित्रातून ते वजा करतात. उरणारा फरक जेमतेम एक टक्का असल्याने अनेक जोड्यांची सरासरी काढावी लागते, आणि मान जराशी हलली तरी ती बिघडते. एकाच मशीनवर, एकाच माणसात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडणे नवलाचे नाही. आपला फरक तेरा टक्क्यांचा आहे.

शिवाय मेंदूचा प्रवाह स्वतःच स्थिर नसतो. श्वास जोरात घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि प्रवाह उतरतो. कॅफिनने रक्तवाहिन्या आकसतात. २५० मिलिग्रॅमच्या मात्रेने प्रवाह सुमारे पाव भागाने घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. चहात कॅफिन बरेच कमी असते, पण जागरणानंतर स्टेशनावर तीन-चार कप झाले असतील, तर ते विचारात घ्यावे लागतील. जास्त आकडा म्हणजे जास्त निरोगी, असेही नाही : आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये रक्तक्षयामुळे तो उलट वाढतो.

अशी मोजणी गटांची तुलना करायला चांगली आहे. लक्षणे नसलेल्या एकट्या माणसाच्या दोन आकड्यांवरून निदान करायला ती माझ्या मते पुरेशी नाही. तिसरी तपासणी पैसे खर्चून करू नका. संशोधनातील डॉक्टरांना दोन्ही चित्रे एकाच रंगपट्टीवर दाखवायला सांगा, आणि पुतण्याने त्या सकाळी काय प्यायले, तेही त्यांना कळवा.