बाबांची एफडी मोडून हॉट रॉड ट्रक बांधू का?

मालगुंडच्या एका वाचकांचा मोठा मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. वय ४२, रत्नागिरीत एमआयडीसीत नोकरी, पगार हातात महिन्याला ५८ हजार. घराचा हप्ता १४,५००, अजून सहा वर्षं. मुलगी आठवीत. आई ७१. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांनी ठेवलेले ९ लाख आता आई आणि यांच्या नावावर एफडीत, सगळे एकाच सहकारी बँकेत. हापूसची बाग कराराने देतात, त्याचे वर्षाला लाखभर येतात. लहानपणापासून गाड्यांचं वेड, आयटीआय झालेलं, वेल्डिंग स्वतःला येतं. कोल्हापूरला एका भंगारवाल्याकडे पन्नासच्या दशकातल्या शेवरोलेट पिकअपची केबिन आणि चासी पडलीय, तो १ लाख ६० हजार मागतोय, कागद नाहीत. ती आणून, घरी शेड बांधून त्यात छप्पर कापून, गाडी खाली बसवून, डिझेल इंजिन टाकून हॉट रॉड करायचा, म्हणजे अमेरिकेत जुन्या गाड्या कापून-बदलून करतात तसला, खर्च साडेआठ लाख धरलाय. एफडी मोडायची, कमी पडले तर बायकोच्या दागिन्यांवर गोल्ड लोन. वहिनी गप्प आहेत म्हणे. आणि शेवटची ओळ अशी, "मुलगी रोज वहीत ट्रकचं चित्र काढते, आता नाही केलं तर कधीच होणार नाही."

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. ट्रक बांधा. पण हा नाही, आणि बाबांच्या पैशानं तर नाहीच. तुमच्या महिन्याच्या कमाईतून बांधा, चार वर्षं लागली तरी चालतील.

आता हा का नाही ते. कागद नाहीत म्हणजे नंबर नाही, आणि नंबर मिळायचा रस्ताच नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं जी गाडी जशी बनवली त्याच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असे बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. छप्पर कापणं, चासीला हात लावणं, भलत्याच जातीचं इंजिन, तुमच्या प्लॅनमधली तिन्ही मोठी कामं यातच येतात. कोणीतरी तुम्हाला सांगेल की व्हिंटेजमध्ये रजिस्टर करून घे. २०२१ च्या व्हिंटेजच्या नियमात ५० वर्षांच्या वरची गाडी बसते हे बरोबर, पण ती मूळ रूपात असली पाहिजे, मोठी तोडफोड केलेली चालत नाही. हॉट रॉड म्हणजे तोडफोडच की. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही छपराला ग्राइंडर लावला त्या क्षणी तोही दरवाजा बंद.

तुम्ही लिहिलंय की झाल्यावर १५ लाखाला जाईल, नाहीतर लग्नांना भाड्यानं देईन. मला सांगा, ज्याला नंबर नाही, इन्शुरन्स नाही, ती गाडी १५ लाख देऊन कोण नेणार आणि कुठे चालवणार? थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे, आणि मालगुंड-गणपतीपुळे रस्त्यावर सिझनला केवढी गर्दी असते ते तुम्ही रोज बघता, एखाद्याला धक्का लागला तर भरपाई तुमच्या घरावर येईल. भाड्याचं तर विसराच, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडीसुद्धा भाड्यानं देता येत नाही. राहता राहिलं एखाद्या होमस्टेच्या दारात फोटोसाठी उभी करणं, ते करता येईल, पण मग ते डेकोरेशन झालं आणि डेकोरेशनला साडेआठ लाख घालायचे का हा प्रश्न वेगळा. म्हणून हिशोबात या पैशाला गुंतवणूक म्हणू नका, हा खर्च आहे. हौसेला खर्च करावा, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण खर्च म्हणून करावा, परत येतील या आशेवर नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. २०११ ला मी स्वतः एक जुनी जीप घेतली होती, पूर्ण उघडली, बॉडी चासीवरून उतरवली, एका गॅरेजवाल्याला पत्र्याच्या कामाचे ७० हजार ॲडव्हान्स दिले. मे महिन्यात मडगार्ड आणि बॉनेट करड्या प्रायमरवर येऊन थांबलं, रंग पाऊस गेल्यावर मारू म्हणाला, आणि मी ते पत्रे घरच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ताडपत्री उचलली तर वरून प्रायमर तसाच करडा दिसत होता, फक्त कुठे कुठे बारीक फोड आलेले, मोहरीएवढे. नखानं एक खरवडला तर खालून नारिंगी भुकटी बोटाला लागली. साधा प्रायमर पाणी शोषतो हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं, एपॉक्सी प्रायमर असता तर टिकलं असतं, आणि समुद्रापासून दोन किलोमीटरवर खाऱ्या हवेत चार महिने म्हणजे काय ते त्या पत्र्यानं दाखवलं. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा मजुरी. तोपर्यंत माझ्याकडचे पैसे संपले होते. गाडी सुटी होती त्यामुळे चालती म्हणून विकता येईना, शेवटी वजनावर गेली. घातलेले अडीच लाख, आले २६ हजार. त्या संध्याकाळी टेम्पोत माझ्या जीपचे तुकडे चढवताना बघून मला जे वाटलं ते तुमच्या मुलीनं बघू नये म्हणून एवढं लिहितोय.

हे अमेरिकेत का जमतं तेही समजून घ्या, कारण तुम्ही जे व्हिडिओ बघता ते तिकडचे. हॉट रॉडची सुरुवात झाली १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात, म्युरॉकसारख्या सुकलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर पोरं गाड्या पळवायची. फोर्डनं १९३२ ला सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं होतं, काही वर्षांत त्याच गाड्या जुन्या म्हणून स्वस्तात मिळायला लागल्या, आणि कमावती पोरं पगारातून जमेल तसं एकेक सामान आणून घरी जोडायची. वडिलांची ठेव मोडून नाही. आणि तिकडे हवा कोरडी, सत्तर वर्षांचा पत्रा शेतात पडून जिवंत राहतो. शिवाय १९४७ ते ५५ मधल्या त्या शेवरोलेट पिकअपचे नवे पत्रे, नवे रबर, नवं वायरिंग कॅटलॉगमधून घरी येतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि दरवाजाचं एक रबर हवं तर बाहेरून मागवा, ड्युटी भरा. तुमच्या साडेआठ लाखात मिग वेल्डिंग मशीन नाही, कॉम्प्रेसर नाही, आंबा घाटातून ट्रेलरवर गाडी उतरवायचं भाडं नाही, टायर-रिम नाहीत. मला तो आकडा अकरा-बाराच्या खाली येताना दिसत नाही.

आता एफडीकडे येतो, खरं तर माझी जास्त काळजी तिकडे आहे. ९ लाख एकाच बँकेत ठेवू नका. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच मिळतात, आणि पतसंस्थेत असतील तर हे संरक्षणच नाही. मोडायचीच असेल तर ट्रकसाठी नको, विभागणीसाठी मोडा, ती पण मुदत बघून, अर्धा-एक टक्का दंड जाईल. आईच्या वाट्याचे साडेचार लाख पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत टाका, ८.२ टक्के चालू आहे, दर तिमाहीला ९,२२५ रुपये तिच्या खात्यात येतील, तिला कुणापुढे हात पसरायला नको. उरलेल्यातले २ लाख ६० हजार वेगळ्या एफडीत, हा तुमचा सहा महिन्यांचा घरखर्च, कारण तुमचा खर्च हप्ता आणि मुलीचा क्लास धरून ४३ हजार होतो आणि बचत खात्यात तुमच्याकडे ६० हजारच आहेत. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आंब्याची कलमं पडली तर करारवाला पुढच्या वर्षी येत नाही. बाकीचे मुलीच्या कॉलेजला, सात टक्क्यांनी दहा वर्षांत एफडी साधारण दुप्पट होते, तेवढा वेळ तिच्याकडे नाहीये पण चार-पाच वर्षं आहेत.

आईचं वय ७१ म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड आजच करून घ्या, ७० च्या वर उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. तुमच्या तिघांचा कंपनीचा ३ लाखांचा कव्हर नोकरी सुटली की जाईल, त्यामुळे स्वतःची हेल्थ पॉलिसी आणि तुमच्या नावावर टर्म प्लॅन दोन्ही घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेलाय. दोन्ही मिळून महिन्याला साडेतीन हजार धरा. गोल्ड लोनचा विषय मात्र बंद करा. वहिनी गप्प आहेत ते होकार म्हणून धरू नका, मी असे बरेच गप्प होकार बघितलेत. आणि पर्सनल लोन मनात असेल तर तोही आकडा बघा, ५ लाख, १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता ११,६०० च्या वर आणि व्याज जवळपास २ लाख.

तर महिन्याला उरतात १५ हजार. त्यातले साडेतीन विम्याला, चार मुलीच्या नावानं एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा), साडेसात ट्रकला. बागेच्या लाखातले पन्नास हजार ट्रकला, पन्नास घराला. म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार तुमच्या हक्काचे, कुणाला विचारायचं नाही. चार वर्षांत ५ लाख ६० हजार होतात आणि एफडीला हात लागलेला नसतो.

गाडी कुठली? आरसी चालू असलेली, पांढऱ्या पाटीची, स्वतःच्या पायावर चालत येईल अशी जुनी पिकअप, नाहीतर हौदावाली जीप. बघायला जाण्याआधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, वैधता, बोजा बघा. चासी नंबर स्वतः पुसून वाचा. १५ वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर लागतो, २० वर्षांवरच्या चारचाकीला आता नूतनीकरणाची फी १० हजार झालीय, ते भावातून कापा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. इंजिन बदलायचं झालं तर आधी आरटीओची परवानगी, मग काम. कापलेलं छप्पर मिळणार नाही, हे मला माहितीय की तुम्हाला लागेल. पण हौदा लाकडी पट्ट्यांचा, डॅशबोर्ड, सीट, रंग, आतली प्रत्येक गोष्ट तुमच्या हातची असेल आणि मुलीला शेजारी बसवून पावसला जाता येईल.

आणि हे माझ्या जीपवरून शिकलेलं, गाडी कधीही पूर्ण उघडू नका. एका वेळी एकच काम, आणि काम संपलं की गाडी चाकावर आणि चालू. आधी ब्रेक, कमानपाटे, वायरिंग. पावसाच्या चार महिन्यांत इंजिन-गिअरबॉक्सचं काम, ते टेबलावर आत होतं आणि आंब्याचे पैसे नुकते हातात असतात. पत्रा आणि रंग दिवाळीनंतरच, शिमग्याच्या आत संपवायचा. मध्येच नोकरीचं काही झालं, आईचं दुखणं निघालं, तर त्या दिवशी थांबायचं, आणि तेव्हा तुमच्याकडे भंगार नाही तर कागदवाली चालती गाडी असेल, जिला गिऱ्हाईक मिळतं.

कोल्हापूरवाल्याला दहा हजार टोकन दिलंय म्हणालात, मिळालं तर मागा, नाही दिलं तर सोडून द्या, त्या दहासाठी पुढचे दीड लाख घालू नका.

शेडचं विचारलंत ते राहिलं. शेड यावर्षीच बांधा, बागेच्या पैशातल्या घराच्या पन्नासातून. जोता जांभ्याचा हातभर उंच घ्या म्हणजे पागोळीचं पाणी आत येणार नाही, समुद्राकडची बाजू पूर्ण बंद ठेवा, आणि वेल्डिंगची जागा पेंढ्याच्या उडवीपासून लांब. एप्रिल-मे मध्ये करारवाल्याला पेट्या ठेवायला जागा लागतेच, तेव्हा शेडचं भाडं करारातच धरून मागा.