तुमचे प्रश्न : कल्हई, हळद आणि शिसं

गणपतीआधी पितळी पातेल्यांना कल्हई करून घ्यायची आहे. कल्हईत शिसं मिसळतात म्हणे. ओळखायचं कसं? (वाचक, खानापूर)

मिसळतात, आणि कारण पैशाचं आहे. कल्हईला शुद्ध कथील लागतं. ते महाग, शिसं स्वस्त. शिवाय कथील वितळतं 232 अंश सेल्सिअसला, तर डाग द्यायची कथील-शिशाची तार साधारण 183 लाच. म्हणजे कोळसा कमी लागतो, काम भराभर होतं. भांडं दोन्हींनी सारखंच चकचकतं, त्यामुळे झालेल्या कामाकडे बघून काही कळत नाही. तपासायची ती कल्हईवाल्याकडची कथिलाची कांडी, तीही भट्टी पेटण्याआधी. कांडी कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथील कुरकुरतं, शिसं मुकाट वाकतं. मग ती पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिशाचा संशय घ्या. या घरगुती खुणा आहेत, थोडी भेसळ त्यांतून निसटते. कथील खात्रीच्या दुकानातून आणून देणं उत्तम.

जुन्या कल्हईवरच नवी चढवू देऊ नका. जुन्यातलं शिसं वितळून नव्यात उतरतं. आधी पितळ उघडं पडेपर्यंत भांडं घासून घ्यायला सांगा, तेही अंगणात, पोरं लांब ठेवून. तोवर शंकेच्या भांड्यात आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, ताक करू नका. आंबटात शिसं उतरतं, रात्रभर राहिलं तर आणखीच. तेवढ्यापुरतं स्टील वापरा.

सांगलीची हळद म्हणून घेतली, पण रंग फार भडक आहे. (गृहिणी, निपाणी)

गावाच्या नावाने शुद्धतेची हमी मिळत नाही. रंग उठावा म्हणून हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, लावण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून 'आम्ही हळकुंडं आणून दळतो' एवढ्याने निभत नाही. मळकट, बिनपॉलिशची हळकुंडं घ्या. एक ओलं करून चोळा आणि मोडून बघा. बाहेर झगझगीत पिवळं आणि हाताला रंगाची पूड लागत असेल तर परत करा. दळलेल्या हळदीचा निकाल मात्र प्रयोगशाळेतच लागतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार हळदीत शिसं किलोला 10 मिलिग्रॅमच्या आत हवं आणि लेड क्रोमेट अजिबात चालत नाही. भाजून किंवा उकळून शिसं जात नाही.

जुन्या वाड्याची दारं घासून रंगवायची आहेत. (वाचक, शहापूर, बेळगाव)

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, जुना रंग जाळून तर मुळीच काढू नका. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, केर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. नवा रंग घेताना डब्यावर शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भाग) आत असल्याचं छापलंय का बघा. घरगुती रंगांना हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे.

मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का? (पालक, चिकोडी)

वरच्यापैकी काही घरात असेल तर करा. शिशाचं बाधणं आधी दिसत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत जास्त छळतं. बोटातून घेतलेल्या रक्तात शिसं जास्त आलं तर शिरेतल्या रक्ताने खात्री करा, बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो. डेसिलिटरला (100 मिलिलिटर रक्ताला) 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर घरातलं शिसं शोधून हटवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचा आकडा सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. सोबत हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असलेल्या मुलाच्या अंगात शिसं जास्त मुरतं.