कंस जुळतात, तरी कंपायलर अडतो

प्रश्न : बसपासाच्या ॲपसाठी स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत वय, अंतर, सवलत अशा सगळ्या अटी ‘&&’, ‘||’ (म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’) लावून एकाच ‘इफ’मध्ये घातल्या. कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) म्हणतो, एवढं वाजवी वेळेत तपासता येत नाही. कंस तर जुळतात! – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : कंस बिचारे निर्दोष आहेत. ‘अंतर * 2 > टप्पा’ यात अंतर डबल (दशांश संख्येचा प्रकार) आणि टप्पा इंट (पूर्णांकाचा प्रकार) असणार, माझा पक्का संशय! या दोघांची थेट तुलना स्विफ्टला चालत नाही. ऑपरेटरची, म्हणजे ‘*’सारख्या चिन्हांची, रूपं अनेक, त्यात नुसता ‘2’ संख्येच्या कुठल्याही प्रकारात बसतो. साऱ्या जोड्या लावता लावता कंपायलरचा वेळ संपतो आणि खरी चूक झाकलेलीच राहते. सगळं एका ओळीत कोंबणं पेठेतल्या पाटीला शोभतं. तुम्ही ‘लेट लांबचा: बूल = अंतर * 2 > डबल(टप्पा)’ अशी एकेक अट प्रकारासकट (इथे बूल, म्हणजे खरं किंवा खोटं) वेगळी काढा. अजून कुठे गफलत असलीच, तर कंपायलर नेमकी तीच ओळ दाखवेल.