वाचक विचारतात : हेर, हरकारे आणि पाच आकडी कोडं

प्रश्न : मिडवेच्या लढाईआधी अमेरिकेनं जपानी नौदलाची संकेतलिपी फोडली, असं वाचतो. फोडली म्हणजे नेमकं काय केलं? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : जेएन-२५ या लिपीला दोन पदर होते. पहिला संकेतकोश : प्रत्येक शब्दाला किंवा नावाला पाच आकडी गट. दुसरा पदर म्हणजे नुसत्या पाच आकडी संख्यांचं पुस्तक. त्यातली संख्या कोशातल्या गटात मिळवायची, पण हातचा न धरता. समजा गट ३६५२८ आणि मिळवायची संख्या ८१४९७. बेरीज १७९१५, बिनतारीवरून जातो तो हाच आकडा.

गोम पुढे आहे. आकडे ऐकताना चुकले तर लगेच कळावं म्हणून कोशातल्या गटांच्या अंकांची बेरीज तीननं भागली जाईल, अशी सोय जपान्यांनी ठेवली होती (३+६+५+२+८ = २४). हीच सोय त्यांच्या अंगाशी आली. पुस्तकातल्या त्याच ओळी अनेक संदेशांना वापरल्या गेल्या, की ते संदेश बरोबर जुळवून एकाखाली एक मांडायचे. वारंवार येणारा एखादा ओळखीचा गट धरून मिळवलेल्या संख्येचा अंदाज बांधायचा, ती संख्या उभ्या रांगेतल्या सगळ्या गटांतून वजा करायची आणि उरलेले तीननं भागले जातात का ते पाहायचं. चुकीच्या अंदाजाला दहा गट योगायोगानं जुळण्याची शक्यता ५९,०४९ मध्ये एक. रांगेत दोन-तीनच गट असले तर ही कसोटी हमखास फसवते, म्हणून आधी संदेशांचा ढीग हवा. एवढं करून वरचा पदर सुटतो. खालच्या गटांचे अर्थ संदर्भावरूनच लावावे लागतात, आणि तिथेच गाडी अडते.

मे १९४२ मध्ये ती ‘एएफ’वर अडली. हल्ला एएफवर होणार, पण एएफ कुठे? पर्ल हार्बरच्या नाविक तळावर संकेत फोडणाऱ्या जोसेफ रोशफोर्ट यांच्या गटाला ते पॅसिफिक महासागरातलं मिडवे बेट वाटत होतं. वॉशिंग्टनला पटत नव्हतं. मग मिडवेला समुद्राखालच्या तारेनं (ती हवेतून ऐकता येत नाही) निरोप गेला : पाणी गोडं करणारं यंत्र बिघडल्याचं बिनतारीवरून उघड्या भाषेत कळवा. लवकरच जपानी संदेश हाती लागला : एएफवर पाण्याची टंचाई. ही बातमी किती खरी वाटली असेल, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको! जूनच्या पहिल्या आठवड्यात जपाननं तिथे चार विमानवाहू नौका गमावल्या.

प्रश्न : आपले संदेश वाचले जाताहेत, हे जर्मनांना कळलं कसं नाही? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : शंका आली होती, पण ती एनिग्मा यंत्रावर (फिरत्या चक्रांनी संदेश गुप्त करणारं जर्मन यंत्र) टिकत नसे. भूमध्य समुद्रातल्या रसदजहाजाची वेळ आधीच कळलेली असली तरी ब्रिटिश प्रथम त्याला दिसेल असं टेहळणीचं विमान पाठवत आणि मगच हल्ला करत. पाणबुडी दलानं मात्र १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या यंत्रांत चौथं चक्र बसवलं आणि ब्लेचली पार्क हे ब्रिटिशांचं संकेत फोडण्याचं केंद्र डिसेंबरपर्यंत जवळजवळ आंधळं झालं. वाट मोकळी झाली ती बुडत्या यू-५५९ या जर्मन पाणबुडीतून ३० ऑक्टोबरला काढलेल्या हवामान-संकेतांच्या पुस्तिकेमुळे. ते काम करताना दोन ब्रिटिश नौसैनिक पाणबुडीबरोबरच बुडाले.

बाजू एकतर्फी नव्हती, हेही ध्यानात घ्या. इटालियनांनी १९४१ मध्ये रोमच्या अमेरिकन वकिलातीतून संकेतपुस्तक मिळवलं. त्यामुळे कैरोतले अमेरिकन लष्करी प्रतिनिधी फेलर्स ब्रिटिश फौजेबद्दल जे कळवत, ते जून १९४२ अखेरपर्यंत उत्तर आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याच्यापर्यंत पोचत होतं.

प्रश्न : आसईच्या लढाईत वेलस्लीचे हरकारे फितूर होते का? (एक वाचक, भोकरदन)

उत्तर : तसं मानायची गरज नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला ब्रिटिश सेनापती वेलस्लीला हरकाऱ्यांनी (बातमी आणणाऱ्या जासूदांनी) मराठी फौज भोकरदनला आहे असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं : छावणीची उजवी बाजू तिथेच होती, मुलूखही त्याच नावानं ओळखला जाई. पण वेलस्लीला ज्या पायदळावर जायचं होतं, ते डावीकडे आसईला, सहा-आठ मैलांवर होतं. ‘फौज कुठे’ एवढंच विचारलं, ‘पायदळ कुठे, तोफा कुठे, छावणी कुठून कुठवर’ हे सुटलं, की असं होतं. वाटाड्यांनी तर केळणा नदीला तिथे उतारच नाही असं सांगितलं. वेलस्लीनं दोन्ही काठांवर समोरासमोर गावं पाहिली, मधे उतार असणारच असं ताडलं, आणि उतार निघाला. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनच्या दुसऱ्या ब्रिटिश तुकडीबरोबर चालून जायचं होतं. त्याऐवजी तो त्याच दिवशी एकटाच भिडला. जिंकला, पण त्याची सुमारे दीड हजार माणसं मेली किंवा जखमी झाली.